पाहिलं असं लिहिलं

"कणसेबाई, आज तुमचं होणार नाही. मशीन बंद पडलंय."

दारातून अर्धी बाहेर येऊन ती मुलगी एवढंच म्हणाली आणि आत गेली. दार लागलं.

आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. घशातून नळी घालून हृदयाचा इको करायचा होता, म्हणून उपाशीपोटी बोलावलं होतं. तासगावहून सकाळी सातला निघून आम्ही मिरजेच्या त्या इस्पितळात आलो होतो, आणि आता पावणेबारा वाजले होते. माझ्या हृदयाची एक झडप लहानपणच्या सांधेतापानं खराब झाली होती. ती बदलायची होती. रक्त, लघवी, दात, अँजिओग्राफी, सगळं झालं होतं. हीच एक तपासणी राहिली होती, आणि ती झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळणार नव्हती.

"ऊठ हेमा, काहीतरी खाऊन घे आधी," माझे यजमान म्हणाले. ते पोस्टातून निवृत्त झालेले. कशाचीही घाई नसलेला माणूस.

"थांबा. तिनं मला बाई का म्हटलं?"

"मग काय म्हणायचं?"

"इथं सगळे मला मावशी म्हणतात. नाहीतर मॅडम. फॉर्म तुम्ही भरलात. व्यवसायाच्या रकान्यात रेघ मारलीत. मी शिक्षिका होते हे हिला कुणी सांगितलं?"

मी उठून दारापाशी गेले. दाराला वरच्या बाजूला हातभर काच होती. आत ती पाठमोरी उभी होती. ती वळली तेव्हा तिच्या छातीवरची पाटी मला वाचता आली. वनिता वाघमोडे, टेक्निशियन.

मी पुन्हा बाकावर येऊन बसले. दोन पावलं चालले तरी त्या दिवसांत मला धाप लागायची, पण ही धाप वेगळी होती.

ही सगळी हकिकत पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते. दुखण्यामुळे दोन वर्षं आधीच नोकरी सोडली होती. त्याआधी तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्यातली अकरा वर्षं दहावीच्या परीक्षेला भरारी पथकात होते. माझी जीप गावात शिरली की केंद्रावर पळापळ व्हायची. कुठल्या मुलाच्या बाहीत काय आहे, ते मला त्याच्या बसण्यावरून कळायचं, असं लोक म्हणत. मलाही तसंच वाटायचं.

परतताना एसटीत मी यांना सांगितलं, "ती वाघमोडेची मुलगी आहे. कवठ्याकडच्या केंद्रावर भूमितीच्या पेपरला मी तिला चिठ्ठीसकट पकडलं होतं. दोन परीक्षांना बसू दिलं नव्हतं तिला."

"केव्हाची गोष्ट ही?"

"तेरा वर्षं झाली."

"मग ती कशाला लक्षात ठेवेल?"

"अशी गोष्ट कुणी विसरत नाही," मी म्हणाले. "मशीन बंद नव्हतं. माझ्यासाठी बंद होतं."

पुढची तारीख सात दिवसांनी मिळाली. पुन्हा उपाशी, पुन्हा तोच बाक. या खेपेला काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, "टेक्निशियन रजेवर आहेत. पुढच्या गुरुवारी या."

मी गुमान उठले. जिन्याकडे जायच्या ऐवजी उजवीकडे वळून साध्या इकोच्या खोलीपाशी गेले. छातीवर यंत्र फिरवून करतात तो इको. तिथं वनिता वाघमोडे एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवत होती. तिनं मान वर केली. आमची नजरानजर झाली. तिनं लगेच पडदा ओढला.

"पाहिलंत?" मी यांना म्हणाले.

"असेल दुसरा कुणी टेक्निशियन रजेवर."

"पडदा का ओढला मग?"

त्या दिवशी मी स्टँडवर वही विकत घेतली. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण काय म्हणालं, सगळं लिहायला लागले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका जतच्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "माझी झाली की घशातली तपासणी. परवाच्याला. त्याच पोरीनं केली, लई मायाळू हाय." मी तेही लिहिलं. फक्त ‘मायाळू’ तेवढं गाळलं.

डॉक्टर आरवाड्यांना मी भेटले. ते घाईतच असायचे. "कणसे मावशी, झडपेमागच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, ते मला बघायचंय. ते न बघता मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. करून घ्या लवकर," ते म्हणाले.

"मी करून घेत नाही का डॉक्टर? तुमची माणसं करत नाहीत."

"विचारतो मी," असं म्हणून ते निघून गेले.

तिसऱ्या गुरुवारी तर कहर झाला. मी काचेतून आत बघत उभी होते. वनिता टेबलापाशी होती, तिची पाठ माझ्याकडे. तिचा कोपर हलला. काही कागद हलले असावेत. पाच मिनिटांनी काउंटरवरून नाव पुकारलं ते माझ्या मागून आलेल्या माणसाचं. एक वाजता मला सांगण्यात आलं, की आजची वेळ संपली.

मी घरी जाऊन जेवले नाही. स्वैपाकघरातल्या टेबलावर बसून इस्पितळाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. दोन पानं झाली. सूडबुद्धी हा शब्द मी तीन वेळा लिहिला. यांना वाचायला दिला, तेव्हा यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"‘सदर कर्मचारी माझा कागद वरून काढून सर्वांत खाली ठेवत असताना मी समक्ष पाहिले.’ हे तू पाहिलंस?"

"त्याशिवाय माझा नंबर मागे कसा गेला?"

"मी ते नाही विचारलं. पाहिलंस का?"

"पाहिल्यासारखंच आहे."

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "तिची नोकरी जाईल हेमा."

"आणि माझा जीव गेला तर?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मीच जाऊन अर्ज दिला. अधिकारी भोकरे नावाचे होते, गोरे, मृदू बोलणारे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "समक्ष पाहिलंय म्हणता, म्हणजे मग चौकशी लावावीच लागेल." मला बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

रविवारी दुपारी चार वाजता मी अंगणातले कपडे काढत होते आणि माझा श्वास अडला. बुडाल्यासारखं वाटायला लागलं. आडवं होता येईना, बसवेना. खोकल्यातून गुलाबी फेस आला. शेजारच्या माळ्यांनी गाडी काढली. वाटेत यांनी माझी पाठ धरून मला सरळ बसवलं होतं. ते सारखं "आलंच, आलंच" म्हणत होते आणि मिरज काही येत नव्हती.

फुप्फुसांत पाणी झालं होतं. दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवून त्यांनी ते उतरवलं. मंगळवारी संध्याकाळी आरवाडे म्हणाले, "आता थांबता येणार नाही. उद्या सकाळी घशातून इको, आणि सगळं नीट असेल तर परवा ऑपरेशन."

बुधवारी सकाळी मला खाटेसकट त्या खोलीत नेलं. हे बाहेर थांबले. आत वनिता वाघमोडे होती. ती हातमोजे घालत होती. मी खाटेची कड धरून उठायचा प्रयत्न केला.

"डॉक्टर, मला हिच्या हातून नको."

आरवाड्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नळी मी घालणार आहे मावशी. तिनं फक्त मशीन बघायचं आणि तुम्हाला धरायचं."

"दुसऱ्या कुणाला बोलवा."

"दुसरा कांबळे आहे. तो महिनाभर पुण्याला ट्रेनिंगला आहे. तो येईपर्यंत तुम्हाला वेळ नाही, हे स्पष्ट सांगतो." तेवढ्यात त्यांना खालून बोलावणं आलं. "पाच मिनिटांत येतो. तोवर ठरवा," म्हणाले आणि गेले.

खोलीत आम्ही दोघीच राहिलो. तिनं माझ्या बोटाला लावलेला चिमटा नीट केला, पडद्यावरचा आकडा पाहिला. मग स्टूल ओढून माझ्या समोर बसली. मी तिचा चेहरा तेरा वर्षांनी पहिल्यांदाच जवळून पाहत होते.

"तुमचा अर्ज मला काल दाखवला, बाई," ती म्हणाली.

"मग?"

"मी तुमचा कागद खाली ठेवताना तुम्ही समक्ष पाहिलंत, असं आहे त्यात. कुठनं पाहिलंत?"

"दाराच्या काचेतून."

"त्या काचेतनं टेबल दिसत नाही. टेबलाशी उभ्या माणसाची पाठ आडवी येते. पाच वर्षं आहे मी इथं. बाहेर उभं राहून बघितलंय कितीदा तरी." तिचा आवाज चढला नव्हता. "पण तुमचं खोटं नाही. कागद मीच खाली ठेवला."

मला वाटलं होतं तेच खरं निघालं होतं.

"पहिल्या वेळी मशीन खरंच बंद होतं," ती पुढं म्हणाली. "तुम्हाला बघितलं आणि तोंडातनं बाई निघून गेलं. घरी जाऊन रात्रभर झोप नाही आली. दुसऱ्या खेपेला मीच काउंटरला सांगितलं, मी रजेवर आहे म्हणून सांगा. तिसऱ्या खेपेला तुमचा कागद खाली सरकवला. कांबळे आला की त्याच्या हातनं करून घ्यावं, असं डोक्यात होतं."

"सूड घेतलास."

"सूड?" ती खरोखरच गोंधळल्यासारखी दिसली. "बाई, या तपासणीत कधी दात हलतो, कधी घशाला खरचटतं, कधी ठोके चुकतात. शंभरात एखाद्याला होतं. दुसऱ्या कुणाला झालं तर ते झालं. तुम्हाला झालं असतं तर ते मी केलं असतं. तुम्ही तसं लिहिलं असतं. समक्ष पाहिलं म्हणून."

मी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"मला भीती वाटली तुमची," ती म्हणाली. "एवढंच. तुमची तब्येत इतकी उतरेल असं वाटलं नव्हतं. ते चुकलं माझं. त्यासाठी साहेब काय करतील ते करू दे."

"त्या दिवशी," मी म्हणाले, आणि मला खोकला आला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो थांबेपर्यंत तसाच ठेवला. "त्या दिवशी ती चिठ्ठी तुझी होती का?"

तिनं हात काढून घेतला.

"ते त्या दिवशी विचारायचं होतं, बाई. तुम्ही विचारलंच नाही. उभी राहा म्हणालात, वेणी सोड म्हणालात. सगळी पोरं बघत होती. मग लिहायला बसलात." ती उठली. "आता मी नाही सांगणार."

बाहेर पावलं वाजली. तिनं घशात मारायच्या औषधाची बाटली उचलली. "डॉक्टर आले. नको असेल तर त्यांना आत्ता सांगा. मी बाहेर जाते, मला राग नाही येणार. करायचं असेल तर तोंड उघडा. हे कडू लागेल."

मी तोंड उघडलं.

गुठळी नव्हती. ऑपरेशन झालं. नवी झडप बसली, आणि टाके, ताप, छातीचं दुखणं यातून महिना गेला. त्या महिन्यात मी कुणाशी फार बोलले नाही. हे विचारायचे, "दुखतंय का?" मी हो म्हणायचे.

टाके दाखवायला मिरजेला गेलो, तेव्हा इकोच्या खोलीत कांबळे होता. वनिताला चौकशी संपेपर्यंत तळघरातल्या रेकॉर्ड विभागात बसवलंय, असं त्यानं सांगितलं. चौकशी आठवड्यानं संपणार होती.

मी भोकऱ्यांच्या खोलीत गेले. यांना म्हणाले, तुम्हीही आत या.

"मला माझा अर्ज मागे घ्यायचाय," मी सांगितलं.

भोकऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "तिच्या घरचं कुणी भेटलं का तुम्हाला? काही दबाव वगैरे?"

"नाही."

"मॅडम, मोकळेपणानं सांगा. इथं घाबरायचं कारण नाही."

"मला कुणी भेटलेलं नाही. मी स्वतःहून आलेय."

त्यांना ते पटलं नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. समोरच्याचं बोलणं पटत नसलं की माणूस कसा मान तिरकी करून ऐकतो, ते मला ठाऊक होतं. मी अकरा वर्षं तशीच ऐकत आले होते.

"असं बघा," ते म्हणाले, "तिनं स्वतः कबूल केलंय की तारीख मुद्दाम पुढे ढकलली. तुमच्या जिवावर बेतलं होतं. मग तक्रार खोटी कशी?"

"तारीख तिनं ढकलली, हे खरं आहे. मी ते पाहिलं, हे खोटं आहे."

"तो काय, तपशिलाचा भाग झाला."

"नाही. तोच मुद्दा आहे. मला कागद द्या, मी लिहून देते."

त्यांनी कागद दिला. मी आधी काचेबद्दल लिहिलं. मग थांबले. हे माझ्या शेजारी बसले होते. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना जे मी कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांच्यासमोर लिहायला घेतलं. वनितानं तारखा का ढकलल्या, हे विचारात घ्यायचं असेल तर पुढचंही वाचावं, असं वर लिहिलं. एकोणीसशे शहाण्णव सालच्या मार्च महिन्यात भूमितीच्या पेपरला वनिता वाघमोडे या विद्यार्थिनीच्या हातात चिठ्ठी सापडल्याचा अहवाल मी दिला. चिठ्ठी तिच्या हातात नव्हती. तिच्या आणि मागच्या मुलीच्या बाकाच्या मधे जमिनीवर पडलेली होती. अक्षर मी जुळवून पाहिलं नाही. तिची झडती घेतली, त्यात काही मिळालं नाही. जमिनीवर सापडली असं लिहिलं असतं, तर प्रकरण टिकलं नसतं. माझी खात्री होती, म्हणून मी हातात असं लिहिलं.

खाली सही केली आणि तारीख घातली.

भोकऱ्यांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. "याचा इस्पितळाशी संबंध काय?"

"तिला माझी भीती का वाटली, ते तुम्हाला कळायला हवं."

बाहेर आल्यावर यांनी माझी पिशवी स्वतःकडे घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागले. एरवी ते माझ्या बरोबरीनं चालत. घरी गेल्यावर दोन दिवस ते मोजकंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "पुढं काय केलं त्या पोरीनं? तेव्हा, शाळा सुटल्यावर?"

"मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही."

ते नंतर मला कांबळ्याकडून कळलं. दोन वर्षं ती द्राक्षाच्या शेडवर पेट्या भरत होती. मग बाहेरून दहावी, बारावी, मग हा कोर्स.

वनिताला लेखी समज देऊन तीन आठवड्यांनी परत इकोच्या खोलीत घेतलं. मी परीक्षा मंडळालाही पत्र पाठवलं होतं. दोन स्मरणपत्रांनंतर तिकडून उत्तर आलं. त्या वर्षीची गैरप्रकारांची कागदपत्रं मुदत संपल्यानं नष्ट करण्यात आली आहेत, त्यामुळे आपल्या अर्जावर कार्यवाही करता येत नाही.

झडप बसवलेल्या माणसाला दरवर्षी इको करावा लागतो. पहिल्या वर्षीच्या तपासणीला मी ते उत्तर आणि माझ्या पत्राची प्रत घेऊन गेले. खोलीत ती एकटीच होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे धरले. तिनं हात पुसले, उभ्याउभ्या माझं पत्र वाचलं. ‘जमिनीवर’ या शब्दाशी ती थांबली असावी, असं मला वाटलं; पण ते मी नक्की पाहिलं नाही. मग तिनं मंडळाचं उत्तर वाचलं. दोन्ही कागद होते तसे घडी घालून माझ्या हातात दिले.

"डाव्या कुशीवर वळा, बाई," ती म्हणाली.

मी वळले. तिनं यंत्राचं टोक माझ्या छातीवर टेकवलं. ते थंडगार होतं. मशीनमधून माझ्या नव्या झडपेचा टकटक आवाज यायला लागला, आणि आम्ही दोघी तो ऐकत राहिलो.

"चांगली चाललीय," पडद्याकडे बघत ती म्हणाली. "श्वास रोखा."

मी रोखला. ती सोडा म्हणेपर्यंत धरून ठेवला.